सोयिंकांचं 'डेथ अँड द किंग्ज हॉर्समन' मराठीत: ओरिकी, बोलका ढोल आणि आपला गोंधळ, कुठवर जुळवायचं?

सातरस्ता_नाट्यगट

नमस्कार मंडळी. आमचा सोलापुरातला हौशी गट आहे. अठरा कलाकार, त्यात सहा मुली. नायजेरियन नाटककार वोले सोयिंकांचं हे नाटक मराठीत बसवायचं चाललंय, प्रयोग हुतात्मा स्मृती मंदिरात. गोष्ट नायजेरियातल्या योरुबा लोकांच्या ओयो शहरातली: राजा वारला की त्याच्या स्वाराने, म्हणजे एलेसिनने, मागोमाग प्राण द्यायची रीत, आणि इंग्रज साहेब ती अडवतो. कच्चा अनुवाद हातात आहे. गाडी अडलीय ती शैलीवर.

एक, राजाच्या स्वाराबरोबर जो स्तुतिगायक फिरतो त्याची ओरिकी, म्हणजे योरुबा स्तुतिपदं, गोंधळ्याच्या ढंगात करावी का? दोन, योरुबांचा ढोल 'बोलतो'. आमच्याकडे संबळ, हलगी आणि चौंडकं वाजवणारी चांगली माणसं आहेत, पण मराठीत ढोल बोलेल कसा? तीन, साहेबाच्या बंगल्यातले प्रवेश वास्तववादी आणि बाजारातले लोकनाट्याच्या अंगाने केले तर दोन वेगळी नाटकं वाटतील का? चार, गटातल्या काहींचं म्हणणं आहे की कथा ओयोतून उचलून सरळ १९३० च्या मार्शल लॉच्या सोलापुरात आणावी.

ज्यांनी आफ्रिकन नाटकावर काम केलंय त्यांनी नेमकं सांगावं. 'दोन संस्कृतींचा सुंदर मिलाफ' एवढ्यावर तालीम होत नाही.

---

रंगसूत्र

चौथ्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण बाकीची उत्तरं त्यावर ठरतात. कथा ओयोतच ठेवा.

सोयिंकांनी संहितेच्या सुरुवातीला दिग्दर्शकासाठी टीप लिहून ठेवलीय. हे नाटक 'संस्कृतींचा संघर्ष' म्हणून करू नका, इंग्रज अंमल हे इथे केवळ निमित्त आहे, असं ते बजावतात. मार्शल लॉचं सोलापूर आणलंत की पहिल्या पाच मिनिटांत प्रेक्षक चार हुतात्म्यांच्या बाजूला जाऊन बसणार, आणि बसायलाच हवा. पण मग साहेब खलनायक ठरतो आणि एलेसिनची चूक कुणालाच दिसत नाही. ती चूक हाच या शोकांतिकेचा कणा आहे.

मूळ घटना गटाला सांगून ठेवा. लेखकाच्या टिपेत साल १९४६ आहे. प्रत्यक्षात ओयोचे अलाफिन, म्हणजे राजे, लादिगबोलू १९४४ च्या डिसेंबरात वारले. रीतीप्रमाणे त्यांच्या स्वाराने मागोमाग जायचं होतं. जानेवारी १९४५ मध्ये जिल्हा अधिकाऱ्याने त्याला अडवलं आणि त्याच्या जागी त्याच्या मुलाने प्राण दिला. याच घटनेवर दुरो लादिपो यांनी १९६४ मध्ये 'ओबा वाजा' हे योरुबा संगीतनाटक केलं, त्यात दोषाचा रोख साहेबाच्या लुडबुडीकडे आहे. सोयिंकांनी १९७५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या नाटकात तो रोख वळवला. त्यांचा एलेसिन जाण्याच्या रात्री नवी नवरी मागतो, या जगाला धरून राहतो, आणि पोलिस पोचेपर्यंत त्याची इच्छाशक्ती आधीच सैल झालेली असते. नायकाच्या स्वभावातली फट ही ग्रीक शोकांतिकेची रीत. पण त्या फटीचे परिणाम योरुबा विश्वाच्या हिशेबाने मोजले जातात: जिवंत, पूर्वज आणि न जन्मलेले, आणि या तिघांमधली ओलांडायची दरी. ओगुन हा देव ती दरी पहिल्यांदा ओलांडणारा. 'द फोर्थ स्टेज' या निबंधात सोयिंकांनी हेच सविस्तर मांडलंय. दिग्दर्शकाने तो वाचल्याशिवाय ब्लॉकिंगला, म्हणजे मंचावरच्या हालचाली बसवायला, हात घालू नये.

आता मिश्रण कसं केलंय ते प्रवेशवार बघा.

पहिला प्रवेश, बाजार मोडण्याची वेळ. पद्य, ओरिकी, म्हणी. एलेसिन 'मी नाही' असं ओरडणाऱ्या पक्ष्याची गोष्ट एकटा सोंगं घेऊन सांगतो. मृत्यूची हाक ऐकून शेतकरी डोक्याभोवती चुटक्या वाजवत पीक टाकून पळतो. शूर म्हणवणारा शिकारी दिव्यातलं तेल संपल्याची सबब काढून घरी जातो. अशी एकामागून एक पात्रं. भारुडातल्या सोंगांची रीत इथे चपखल बसते. प्रत्येक पात्राला अंगाची एकच खूण द्या, चेहऱ्याचे खेळ नकोत.

दुसरा प्रवेश, बंगल्याचा व्हरांडा. चावीच्या ग्रामोफोनवर टँगो, गद्य, इंग्रजी दिवाणखान्यातल्या सुखात्मिकेची लय. आणि नाचणाऱ्या साहेब-मडमेच्या अंगावर एगुंगुनचा, म्हणजे पूर्वजांच्या सोंगाचा, जप्त केलेला पोशाख. साच्याने युरोपियन असलेल्या प्रवेशाच्या पोटात योरुबा वस्तू ठेवलीय.

तिसऱ्यात उलटं होतं. बाजारातल्या पोरी पोलिसांचे दंडुके काढून घेतात आणि साहेबी पार्टीची हुबेहूब नक्कल करतात. म्हणजे योरुबा जागेत युरोपियन नाटक. मग तिथूनच एलेसिन समाधीत शिरतो. चौथ्यात रेसिडेन्सीतला नाचाचा जलसा, आणि विलायतेत डॉक्टरी शिकणारा एलेसिनचा मुलगा ओलुंडे मडमेशी वाद घालतो, तो निव्वळ युक्तिवादाचा युरोपियन प्रवेश. पाचवा कोठडीत, जिथे गद्य आणि पद्य पहिल्यांदाच एकमेकांत शिरतात.

तेव्हा तुमच्या तिसऱ्या प्रश्नाला उत्तर: दोन शैली हव्यातच. दोन नाटकं वाटतील ती जोड ढिली राहिली तर. तिसरा संपतानाचा ढोल आणि चौथ्यातलं वाद्यवृंदाचं संगीत यांच्यात एका श्वासाचंही अंतर नको. संपूर्ण काळोख करून सेट हलवलात की मेलं. लेखकाची सूचनाच आहे की नाटक मध्यंतराविना चालावं आणि सेट एकच, झटपट बदलता येणारा असावा. मागे दोन लेव्हल्स, पुढे मोकळी जागा, बाजाराच्या चटया गुंडाळल्या की व्हरांडा. नाट्यगृहाच्या व्यवहारापायी मध्यंतर घ्यावंच लागलं तर दुसऱ्यानंतर घ्या. तिसऱ्यानंतर घेतलंत तर ती समाधी चहाच्या कपात बुडेल.

---

चौंडकंवाला

ढोलाबद्दल.

योरुबा भाषेत स्वराच्या तीन पट्ट्या आहेत: उंच, मधली, खालची. पट्टी बदलली की शब्दाचा अर्थ बदलतो. डुंडुन हा डमरूसारखा कमरेत बारीक ढोल. दोन्ही तोंडांच्या कातड्यांना जोडणाऱ्या चामड्याच्या वाद्या काखेत दाबल्या की सूर चढतो, सोडल्या की उतरतो. वाकड्या काठीने वाजवायचा. म्हणजे ढोल अक्षरं बोलत नाही, वाक्याची चाल बोलतो. एकाच चालीचे अनेक शब्द निघू शकतात, म्हणून ढोलकरी सुटे शब्द वाजवत नाहीत. सगळ्यांना पाठ असलेली म्हण किंवा एखाद्या घराण्याची ओरिकी अख्खी वाजवतात. ऐकणारा ती ओळखतो. संचात 'इया इलु', म्हणजे ढोलांची आई, बोलते आणि गुडुगुडूसारखे लहान ढोल ठेका धरतात.

मराठीत पट्टीने अर्थ बदलत नाही, त्यामुळे थेट नक्कल होणार नाही. पण 'पाठ असलेली ओळ प्रेक्षक ओळखतो' हे काम नक्की करता येतं. असं करा.

चारच बोल ठरवा. एलेसिनच्या नावाचा एक, वारलेल्या राजाचा एक, लग्नाचा एक, 'गेला' हा एक. प्रत्येकाला मराठी ओळ द्या, आठ ते बारा अक्षरांची, म्हणताना जिचा चढउतार कानात बसेल अशी. पहिल्या प्रवेशात स्तुतिगायक ओळ म्हणतो आणि चौंडकं तीच चाल लगेच मागून वाजवतं. असं प्रवेशभर विखरून तीनदा. एकाच जागी तिन्ही वेळा केलंत तर शिकवणी वाटेल. 'गेला' हा बोल शब्दांसह एकदाच, राजाच्या संदर्भात.

पुढची गंमत यावर उभी आहे. दुसऱ्या प्रवेशात साहेब नोकर जोसेफला विचारतो, ढोल काय म्हणतोय? जोसेफ गोंधळतो: मोठ्या सरदाराच्या मरणासारखं वाजतंय आणि मोठ्या सरदाराच्या लग्नासारखंही. तिथे लग्नाचा आणि राजाचा बोल एकात एक गुंफून वाजवा, शब्दांशिवाय. साहेबाच्या आधी प्रेक्षकाला कळलं पाहिजे. चौथ्यात ओलुंडे बोलता बोलता थांबतो, ढोलाची चाल बदललेली ऐकतो आणि बाप गेला असं समजतो. तिथे 'गेला' नुसता वाजतो. काही क्षणांत बेड्या घातलेला बाप जिवंत समोर येतो. बोल आधी पेरला नसेल तर हा घाव लागतच नाही, कारण ओलुंडे कशावरून बोलतोय तेच प्रेक्षकाला कळत नाही.

वाद्य चौंडकंच घ्या. पोकळ नळकांडं काखेत, एका तोंडाला कातडं, कातड्याच्या मधून निघालेली तात डाव्या मुठीत. मूठ ताणली की सूर चढतो, सैल केली की घसरतो. आराधी मंडळींकडे हे वाद्य आहेच, आणि डुंडुनच्या सर्वांत जवळ जाणारा घसरता सूर आपल्याकडे याच्यातून निघतो. ठेक्याला संबळाची जोडी. सेकेरे या योरुबा खुळखुळ्याच्या जागी वाळक्या भोपळ्यावर कवड्यांची किंवा मण्यांची सैल जाळी, घरी करता येते. लोखंडी घंटा एक. वादक चार पुरेत.

बिघडतं कुठे ते सांगतो. हलगी या नाटकात शक्यतो नको. बंद नाट्यगृहात हलगी सुरू झाली की पद्याचा एक शब्द तिसऱ्या रांगेपुढे पोचत नाही. शिवाय कातडी हलगीला शेक लागतो आणि आत जाळ करता येत नाही. हवीच असेल तर तिसऱ्या प्रवेशात पोरी पोलिसांना हाकलतात तेवढ्यापुरती, फायबरच्या पानाची. दुसरं, चौंडक्याचा आवाज मुळात बारीक. त्याच्याजवळ एक माइक लागेल, पण ध्वनिव्यवस्थावाल्याला सांगा की खालचे सूर कापू नका, घसरण तिथेच ऐकू येते. तिसरं, रेकॉर्ड केलेला ट्रॅक वापरू नका. समाधीच्या प्रवेशात नट आणि वादक एकमेकांकडे बघून लय उतरवतात. ट्रॅक लावला की नट त्याच्यामागे धावतो. चौथं, वादकांना विंगेत ठेवू नका. पहिल्या आणि तिसऱ्यात मंचावर, दुसऱ्या आणि चौथ्यात सायकच्या, म्हणजे मागच्या मोठ्या पडद्याच्या, मागे. आवाज खरोखर दुरून आला पाहिजे.

---

सातरस्ता_नाट्यगट

फारच उपयोगी. चार बोलांची कल्पना उद्यापासूनच तालमीत घेतो. आता भाषेचं सांगा. अनुवादकाने बाजारातल्या बायका आणि त्यांची म्होरकी इयालोजा सोलापुरी बोलीत लिहिल्यात, साहेब 'तुम क्या बोलटा' छापाचं बोलतो, आणि सार्जंट अमुसा मुसलमान म्हणून दखनीत. वाचताना धमाल येते. पण काहीतरी चुकतंय असं वाटतंय.

---

पोथी_आणि_पडदा

चुकतंय, आणि तिन्ही ठिकाणी.

मूळ इंग्रजीत भाषेची उतरंड काय आहे ते बघा. बाजारातली माणसं योरुबा बोलतायत असं गृहीत आहे, आणि त्यासाठी सोयिंकांनी नाटकातली सर्वांत भारदस्त, प्रतिमांनी ओथंबलेली इंग्रजी राखून ठेवलीय. साहेब-मडम रोजचं, उथळ, घाईचं बोलतात. अमुसा साहेबाशी मोडक्या इंग्रजीत बोलतो. म्हणजे उंची बाजारात आहे, बंगल्यात नाही. तुम्ही बाजाराला विनोदी ग्रामीण बोली दिलीत की सगळी उतरंड उलटी झाली. सोलापुरी बोलीला माझा आक्षेप नाही, तिच्यात इयालोजाला शोभेल असा दरारा आहेच. पण हशा काढणारी बोली नको. ओवीची मोकळी चाल, कीर्तनकाराचा विस्तार, बखरीचा जडपणा, यातून बाजाराची भाषा घडवा. यमकं जुळवू नका. योरुबा ओरिकीत यमक नसतं. तिथे एकामागून एक उपाध्या येतात, समान बांधणीची वाक्यं येतात आणि नावं लावली जातात. आपल्या बिरुदावलीची आणि देवीच्या जागरातल्या आवाहनाची बांधणी नेमकी अशीच असते.

साहेब-मडम आपसात बोलताना अस्खलित बोलतात. त्यांना स्वच्छ, तुटक, शहरी प्रमाण मराठी द्या. मोडकी हिंदी दिलीत की पिल्किंग्ज, म्हणजे तो साहेब, विदूषक होतो. तो विदूषक नाही. सज्जन, कामसू आणि समोरच्याचं काहीच न ऐकणारा माणूस आहे, धोका त्यातच आहे. नटाला पावडर फासून गोरं आणि बाकीच्यांना काळं करण्याच्या फंदात अजिबात पडू नका. लंडनच्या नॅशनल थिएटरने २००९ मध्ये सगळे नट कृष्णवर्णीयच घेऊन त्यांच्यातल्याच काहींना पांढरा रंग लावून साहेब केलं. तो हिशेब त्यांच्या रंगभूमीचा होता. आपल्याकडे टोपी, चाल आणि खुर्चीत बसण्याची ढब पुरते.

अमुसाला दखनी देणं सर्वांत वाईट. सोलापुरात मराठी, कानडी, तेलुगू, उर्दू चारही कानावर असतात, त्यामुळे दखनी ऐकताच प्रेक्षक हसायला तयार होतो. पण दुसऱ्या प्रवेशात अख्ख्या बंगल्यात विटंबना ओळखणारा हा एकटाच. मुसलमान असूनही मृत्यूचा पोशाख अंगावर असलेल्या माणसाशी मृत्यूबद्दल बोलायला तो नकार देतो आणि शेवटी वर्दी कागदावर लिहून ठेवतो. त्याला पोलिस डायरीची मराठी द्या: 'सदर इसम', 'वर्दी देण्यात येते की'. अवघडलेपण तेच राहील आणि अब्रूही राहील.

म्हणींबद्दल एवढंच, की प्रत्येक योरुबा म्हणीला मराठी म्हण शोधू नका. स्तुतिगायकाचं पहिलंच वाक्य शेपूट मागे टाकून घाईघाईने भेटीला निघालेल्या कोंबड्याचं आहे. तिथे कोंबडा आणि शेपूटच ठेवा, कारण एलेसिनचं उत्तर त्याच प्रतिमेला पुढे नेतं. दोघं प्रतिमेची देवाणघेवाण करतात. मध्ये आयती म्हण घातलीत तर ती त्या वाक्यावरच संपते आणि पुढच्याला उचलायला काही उरत नाही.

---

नाट्यवाचक_पंढरपूर

वरच्या चर्चेत एक सूर असा लागतोय की योरुबा परंपरा इकडे, युरोप तिकडे, आणि सोयिंकांनी इंग्लंडातल्या लीड्समधून शिकून येऊन दोन्ही जोडलं. तसं नव्हतं. जोड फार आधीपासून होती आणि ती घालणारे फिरते नट होते.

एगुंगुनच्या सोंगांतून निघालेली 'अलारिंजो' ही फिरती रंगभूमी जुन्या ओयो दरबाराच्या आश्रयाची. क्लॅपर्टन हा स्कॉटिश प्रवासी १८२६ मध्ये ओयोच्या राजधानीत पोचला तेव्हा त्याला जो खेळ दाखवला, त्यात अजगराचं सोंग होतं आणि गोऱ्या माणसाचंही. इंग्रज अंमल बसायच्या कितीतरी आधी योरुबा नट गोऱ्याची नक्कल करत होते! तिसऱ्या प्रवेशात पोरी साहेबाची नक्कल करतात ती याच घराण्यातली. म्हणून त्या पोरींना हौशी कॉलेजकुमारींसारखं खिदळू देऊ नका. ती बसवलेली, नेमकी, ठेक्यातली नक्कल हवी.

पुढे चर्चच्या गायनातून दुसरा धागा आला. ह्यूबर्ट ओगुंडे यांनी १९४४ मध्ये लागोसला बायबलच्या कथेवर संगीतनाटक केलं आणि नंतर व्यावसायिक फिरती कंपनी काढली. सुरुवातीला आणि शेवटी समूहगान, मध्ये कथा, मधूनमधून राजकीय चिमटे. आपल्या गण-गवळण-वगाच्या प्रेक्षकाला हा आराखडा परका वाटणार नाही. त्यांच्या 'योरुबा रोनु'वर १९६४ मध्ये पश्चिम नायजेरियाच्या सरकारने बंदी घातली. दुरो लादिपो यांचं 'ओबा कोसो' १९६३ मध्ये ओशोग्बोत आलं आणि दुसऱ्याच वर्षी बर्लिनला गेलं. शांगो या वीजदेवाची कथा, बाता ढोल, मंत्रांसारखी भाषा. सोयिंकांसमोर हे सगळं घडत होतं.

तुमच्या गटाचा आकार बघता एक पर्यायही सुचवतो. ओला रोटिमी यांचं 'द गॉड्स आर नॉट टू ब्लेम', पहिला प्रयोग १९६८ मध्ये इफे शहरात. 'राजा ईडिपस'चंच रूपांतर, पण रूपांतर कसं करावं याचा धडा आहे. ग्रीकांच्या डेल्फीतल्या देववाणीच्या जागी इफा या योरुबा भविष्यपद्धतीचा जाणकार. बाळाचे पाय कवड्यांच्या दोरीने बांधलेले. आणि बापाचा खून तिठ्यावरच्या वाटेच्या भांडणातून न होता, याम या कंदाच्या शेतावरून आणि जातकुळीच्या अपमानावरून होतो. हा बदल का? नाटक नायजेरियातल्या बियाफ्राच्या यादवी युद्धकाळातलं, १९६७ ते १९७० मधलं. रोटिमींना म्हणायचं होतं की दैवाला दोष देऊ नका, आपल्या टोळीचा अपमान सहन न होणं हीच आपली कमजोरी. हे एकच हेतूचं चाक बदललं आणि ग्रीक नाटक नायजेरियाचं झालं. कपडे आणि नावं बदलणं त्यानंतरचं काम.

फेमी ओसोफिसान यांनी तर 'तेगोन्नी'त ग्रीक शोकांतिकेतल्या खुद्द अँटिगनीलाच योरुबा गावात पात्र म्हणून आणलंय. सोयिंकांचंही 'ऑपेरा वोन्योसी' १९७७ चं, ब्रेख्तच्या 'थ्री पेनी ऑपेरा'वरून. आपल्याकडे पुलंचा 'तीन पैशाचा तमाशा' १९७८ मध्ये त्याच ब्रेख्तवरून आला, दिग्दर्शन जब्बार पटेलांचं, ज्यांचं शालेय शिक्षण सोलापुरात झालं. दोन देशांतल्या या दोन रंगावृत्ती शेजारी ठेवून वाचा. लोकरंगभूमी कुठे सांधा म्हणून वापरली आणि कुठे नुसती झूल म्हणून, ते लगेच दिसतं.

---

देवीचा_जागर

गोंधळाबद्दल कुणी स्पष्ट बोललं नाही म्हणून लिहितो. आणि एगुंगुनबद्दल माझं मत वेगळं आहे.

गोंधळातून घ्यायचं ते नायक आणि साथीदाराचं नातं. गोंधळी सांगतो, साथीदार प्रश्न टाकतो, शंका काढतो, वाक्य उचलून धरतो. स्तुतिगायक एलेसिनशी हेच करतो: चढवतो, टोचतो, आठवण देतो. तिसऱ्या प्रवेशात तर तो वारलेल्या राजाचा आवाज होऊन प्रश्न विचारतो. ही बांधणी घ्या. पण 'उदो उदो', पोत, कवड्यांची माळ, अंबाबाईचं नाव, यातलं काहीही घेऊ नका. तुळजापूर तासाभरावर आहे. खरा गोंधळ आणि नाटकातला गोंधळ यातला फरक इथला प्रेक्षक क्षणात ओळखतो, आणि मग तो ओयोत राहत नाही.

आता एगुंगुन. प्रेक्षकाला तो पोशाख पवित्र आहे हे माहीतच नसेल तर टँगो नाचणारा साहेब त्याला नुसता मजेशीर वाटेल. म्हणून साहेबाच्या अंगावर पोतराजाचा वेश चढवावा असं मला वाटतं, म्हणजे सोलापूरच्या माणसाला तो धक्का पोटात बसेल.

---

रंगसूत्र

देवीचा_जागर, गोंधळाबद्दल पूर्ण सहमत. पोतराजाला मात्र विरोध. एक तर तुम्हीच वर म्हटलं त्याच कारणाने प्रेक्षक ओयोतून बाहेर पडेल. दुसरं, पोतराज हा जिवंत भक्त आहे. एगुंगुनच्या आत कोण आहे ते विचारायचं नसतं, तो परत आलेला पूर्वज. अंग पूर्ण झाकलेलं, चेहऱ्यावर जाळी, कापडाच्या पट्ट्यांचे थरावर थर. साहेबाने तोंड उघडं टाकलंय हाच गुन्हा आहे.

मग कळवायचं कसं? पहिला प्रवेश सुरू होण्याआधी पूर्ण झाकलेली आकृती बाजारातून एकदाच जाऊ द्या. सगळ्या बायका चटया आवरून वाट देतात, कुणी वर बघत नाही, ढोल थांबतो. वीस सेकंद, एक शब्द नाही. दुसऱ्या प्रवेशात तोच पोशाख, तोंड उघडं, पायात बूट. शिवाय अमुसाच्या नटाला सांगा, साहेबाकडे बघायचंच नाही, नजर जमिनीवर किंवा भिंतीवर. संहितेबाहेरची ही एकच भर मला परवडण्यासारखी वाटते, आणि तीही परवानगी मागताना लिहून कळवायची.

पोशाखाला सोलापुरात अडचण नाही. मागांवरचे कापडाचे तुकडे मिळवा, चार-पाच इंच रुंदीच्या पट्ट्या फाडा, कडा शिवू नका, गिरकी घेताना त्या उडाल्या पाहिजेत. एलेसिनला पहिल्या प्रवेशात बायका उंची वस्त्रं चढवतात ती 'असो ओके', अरुंद पट्टी विणून जोडलेलं कापड. तेही पट्ट्या जोडूनच करा. चादर वापरायचा मोह टाळा, सोलापुरी चादर इथे शेवटच्या रांगेतूनही ओळखू येते.

समाधीबद्दल राहिलं होतं. आपल्या नटांना 'अंगात येणं' माहीत आहे: केस मोकळे, मान झटकणं, वाढती लय. एलेसिनचं याच्या बरोबर उलटं आहे. रंगसूचनेप्रमाणे त्याचा नाच संथ, राजस, प्रत्येक हालचाल शेवटची असल्यासारखी. म्हणून संबळाची लय प्रवेशभर उतरत गेली पाहिजे, आणि पावलातलं वजन वाढत गेलं पाहिजे. सुरुवातीच्या तालमी नटाने वाद्याशिवाय, फक्त स्तुतिगायकाच्या प्रश्नांवर कराव्यात. हालचाल शब्दांतून आली की मग चौंडकं सुरू करा. आधीच ढोल दिलात तर नट झिंगतो.

---

सातरस्ता_नाट्यगट

पोशाखाची आकृती आधी दाखवायची, हे पटलं. आणखी दोन गोष्टी. अठरा जणांत बसेल का? आणि 'हे तर सतीप्रथेचं समर्थन' असं कुणी म्हटलं तर?

---

पोथी_आणि_पडदा

अठरांत बसतं. दोन हवालदार चौथ्यात नाचाला आलेले पाहुणे होतात, जोसेफच्या नटाला तिसऱ्या प्रवेशात गर्दीत वापरता येतं. अडचण बायकांची. इयालोजा, नवरी आणि जेन, म्हणजे मडम, गेल्या की बाजाराला तीनच मुली उरतात, आणि नक्कल करणाऱ्या पोरीही त्यातूनच काढायच्या. आणखी चार तरी शोधा. नवरीला शब्द जवळजवळ नाहीत म्हणून नवखी मुलगी घेऊ नका. शेवटी कोठडीत जाऊन एलेसिनचे डोळे मिटणं आणि पापण्यांवर माती टाकणं तिच्याकडे आहे, आणि त्या वेळी सगळा मंच तिच्याकडे बघत असतो.

सतीचा प्रश्न येणारच, आणि तो गैर नाही. नायजेरियातही बिओदुन जेयिफो यांच्यासारख्या डाव्या समीक्षकांनी हे नाटक सरंजामी रीतीला उजळा देतं अशी टीका केलीय. गटाने ती वाचून स्वतःचं मत ठरवावं. तालमीत एकच काळजी घ्या: चौथ्या प्रवेशात जेनचे प्रश्न दुबळे करू नका. ओलुंडेला टाळ्या मिळाव्यात म्हणून जेनला मूर्ख दाखवलंत तर वाद मरतो. ती खरंच हादरलेली आहे, आणि तिचे प्रश्न तुमच्या प्रेक्षकाचेही आहेत.

चित्रपट बघायचा तर बियी बांदेले यांचा 'एलेसिन ओबा' हा २०२२ चा, बराचसा योरुबा भाषेत आहे. बोलण्याचा चढउतार आणि ढोलाचं नातं कानाला कळेल. अभिनय त्यावरून उचलू नका, तो कॅमेऱ्यासाठी आहे.

आणि परवानगीचं आजच सुरू करा. सोयिंकांच्या नाटकाचे हक्क अबाधित आहेत. अनुवादाची आणि प्रयोगाची अशा दोन्ही परवानग्या त्यांच्या प्रतिनिधींकडून लेखी लागतात, उत्तर यायला वेळ जातो. रोटिमी २००० मध्ये वारले. आपल्याकडे लेखकाच्या निधनानंतर ६० वर्षं हक्क राहतात, त्यामुळे तिथेही सुटका नाही. मराठी संहिता पक्की झाली की रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडे पाठवायची. आकृतीचा तो वीस सेकंदांचा प्रवेश रंगसूचनेसह संहितेत लिहूनच पाठवा, म्हणजे प्रयोगाच्या दिवशी कागदावर एक आणि मंचावर दुसरं असं होणार नाही.